तिसरी वायर

धाकट्याने उजव्या स्पीकरमागे गुडघे टेकले, वायरची पिन कट्ट वाजेपर्यंत सॉकेटमध्ये ढकलली आणि सवयीने एकदा ओढून पाहिली. निघाली नाही. मग कमरेवर हात ठेवून तो उठला आणि वायर भिंतीच्या कडेकडेने सोडत मागे, हॉलच्या टोकाला मांडलेल्या टेबलाशी आला. टेबलावर मिक्सर होता. त्याच्या पाठीतून दोन वायरी निघून दोन मोठ्या स्पीकरांकडे गेल्या होत्या. खुर्च्यांवर बसणाऱ्यांना जे काही ऐकू येणार, ते या दोन वायरींतून.

तिसरी वायर स्टेजच्या मधोमध ठेवलेल्या एका तिरक्या, बसक्या डब्याकडे जात होती. हा मॉनिटर. त्याचं तोंड लोकांकडे नसतं, गाणाऱ्याकडे असतं. मोठे स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे असतात, त्यांचा आवाज पुढे निघून जातो. आपण काय गातोय हे गाणाऱ्याला कळावं म्हणून त्याच्या पायाशी हा डबा.

"बारक्या, पट्टी लाव रे त्या वायरीला," दादा स्टेजवरून म्हणाला. "मागे गिटारवाला तोंडावर पडता पडता वाचला."

"लावतोय, दादा."

धाकटा बावन्न वर्षांचा होता, त्याला चष्मा होता आणि गुडघ्यांची तक्रार होती. पण दादाने एकदा ठेवलेलं नाव काही मोठं झालं नव्हतं. त्याने चिकटपट्टी दाताने तोडत वायर जमिनीला चिकटवत नेली. मॉनिटरपाशी मात्र हातभर वायर मोकळी ठेवली. दादाला डबा पायाने मागेपुढे सरकवायची खोड होती.

हॉल वाचनालयाचा होता. वरच्या मजल्यावर पुस्तकं आणि खाली हे सभागृह. वाचनालयाचा वर्धापनदिन होता आणि दुपारी दादाच्या मंडळाचं गाणं. छापखान्यात मशीनवर असताना दादाने जेवणाच्या सुट्टीत चौघांना जमवून गायला सुरुवात केली. छापखाना बंद पडला, चौघांपैकी दोघे गेले, नवे आले, मंडळ चालूच राहिलं. आता त्यात पोस्टात काम करणारी एक बाई होती, तिचा गळा स्वच्छ आणि भक्कम. कीबोर्डवर शाळेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या. गिटार दवाखान्यातला कंपाउंडर वाजवायचा. आणि मध्यभागी दादा, पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, जणू अजून मशीनवर जायचंय.

धाकट्याला गळा नव्हता. लहानपणी दादाने त्याला शेजारी बसवून खूप प्रयत्न केला आणि मग एक दिवस हसून म्हणाला होता, "जाऊ दे. तू गळ्याचा नाहीस, हाताचा आहेस." बिघडलेला रेडिओ त्याच्यापुढे ठेवून दिला होता. तेव्हा वडील जाऊन वर्ष झालं होतं. घरात मोठं माणूस म्हणजे दादाच. त्या रेडिओतूनच पुढे सगळं झालं: दुकान, स्पीकर, व्हॅन, लोकांच्या तोंडी 'साउंडवाले' ही ओळख.

"चला, बघू या," दादा माइकसमोर उभा राहिला. 'हॅलो, हॅलो' करणं त्याला कारकुनी वाटायचं. त्याने सरळ एक सूर लावला.

धाकट्याने मिक्सरवरचा दादाचा फेडर, आवाज कमी-जास्त करायची सरकती खुंटी, वर सरकवला. रिकाम्या हॉलमध्ये तो सूर घुमला. खालचे स्वर अजून जुन्यासारखे होते, जाड आणि गोड. मग दादा वर चढला, आणि चढता चढता सूर हातातून निसटला, एका बाजूला कलंडला, आणि दादा त्या कलंडलेल्या सुरावर तस्साच, डोळे मिटून, आनंदाने उभा राहिला. खुर्च्या लावणाऱ्या शिपायाने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खुर्च्या लावू लागला.

"कसा येतोय?"

"मस्त," धाकटा म्हणाला. त्याने मिक्सरकडे पाहत म्हटलं.

"मॉनिटरमध्ये थोडा दे अजून."

धाकट्याने दिला. मॉनिटरचं बटण फेडरच्या वर, वेगळं असतं. मॉनिटरला किती आवाज जावा ते त्या गोल बटणावर, आणि हॉलला किती जावा ते खालच्या सरकत्या फेडरवर. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. एक पूर्ण बंद केलं तरी दुसरं चालू राहतं. त्याने मॉनिटरमध्ये थोडा इकोही मिसळला. इकोत सूर जरा भिजतो, त्याच्या कडा दिसत नाहीत.

"हां! अस्सं!" दादाने अंगठा दाखवला. "आता कसं मोकळं वाटतंय."

*

लोक येऊ लागले तसा धाकट्याने दादाचा फेडर हळूहळू खाली ओढला, शून्यापर्यंत.

हे आज पहिल्यांदा होत नव्हतं. गेल्या हिवाळ्यात दादाला न्युमोनिया झाला, बरेच दिवस तो दवाखान्यात होता. घरी आला तेव्हा शर्ट अंगावर लटकत होता, पण पहिली गोष्ट त्याने केली ती मंडळाची बैठक बोलावण्याची. त्यानंतरच्या पहिल्याच कार्यक्रमात मागच्या रांगेत दोन कॉलेजची पोरं त्याच्या वरच्या सुराची नक्कल करून एकमेकांच्या खांद्यात तोंड लपवून हसत होती. दादाला ते दिसलं नाही. त्यांच्या पुढच्याच रांगेत वहिनी बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वहिनी दुकानात आल्या. दुकानात त्या कधी यायच्या नाहीत. स्टुलावर बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"भावजी, त्यांना कसं सांगायचं?"

"मी सांगू?"

"नका हो. गाण्याच्या बळावर उठलेत ते आजारपणातून. सांगितलं तर पुन्हा अंथरूण धरतील." मग टेबलावर उघड्या पडलेल्या अॅम्प्लिफायरकडे पाहत राहिल्या. "त्यांचा आवाज जरा... कमी नाही का करता येत? तुमच्या हातात असतं ना सगळं. मी म्हणेन त्यांना, की आता एकट्याचं गाणं नको, सगळी गाणी सगळ्यांनी मिळून म्हणा. पोस्टातल्या बाई आहेत, त्या सांभाळून घेतील. कुणाच्या लक्षात येणार नाही."

"दादाच्या येईल."

"त्यांच्यासमोर तो डबा असतो ना?"

वहिनींना हे कसं माहीत, असं धाकट्याला वाटून गेलं; पण इतकी वर्षं प्रत्येक कार्यक्रमाला येणाऱ्या बाईला का माहीत नसावं? त्या म्हणाल्या, "त्यांचं हसं होऊ देऊ नका, भावजी," आणि पदर डोळ्याला न लावता, नुसताच मुठीत चुरगाळत उठल्या.

तो 'बघतो' म्हणाला होता. त्याने पाहिलं, आणि ते फार सोपं निघालं. सोपं निघालं याचीच त्याला पुढे जास्त लाज वाटत राहिली.

एक अडचण होती. दोन गाण्यांच्या मधे दादा बोलायचा. गाणं कुठलं, ते पहिल्यांदा कुठे म्हटलं, तेव्हा काय गंमत झाली, असं सगळं रंगवून सांगायचा आणि लोकांना ते आवडायचं. ते हॉलमध्ये ऐकू यायलाच हवं. म्हणून बोलताना फेडर वर, गाताना खाली. धाकट्याच्या बोटाला त्याची इतकी सवय झाली होती, की दादाने बोलणं संपवून छातीत श्वास भरला की बोट आपोआप खाली यायचं, आणि शेवटच्या ओळीवर आपोआप वर. इतकं हळू, की कुणाला सांधा दिसू नये.

मंडळातल्या बाकीच्यांना हे ठाऊक होतं की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. कुणी काही विचारलं नव्हतं. म्हणजे असावं.

*

हॉल भरला. पुढच्या रांगेत वहिनी बसल्या, वाचनालयाच्या अध्यक्षांच्या शेजारी. दादाने वाचनालयाबद्दल एक किस्सा सांगितला: आपण लहानपणी एक पुस्तक नेलं आणि ते भिजलं, म्हणून इस्त्रीने वाळवायला गेलो तर पानं पापडासारखी फुगली. लोक हसले. अध्यक्ष जास्तच हसले. धाकट्याने फेडर खाली घेतला. गाणं सुरू झालं.

दोन गाणी चांगली झाली. पोस्टातल्या बाईंचा आवाज हॉलभर स्वच्छ पसरला होता, आणि त्यांच्या शेजारी दादा मान वर करून, हात पुढे पसरून, मनापासून गात होता. मागून पाहणाऱ्याला वाटावं, तो आवाज दोघांचा आहे.

तिसऱ्या गाण्याच्या मधेच कीबोर्डवाल्या बाईंनी खुर्ची पुढे ओढली. खुर्चीचा पाय मॉनिटरजवळच्या मोकळ्या वायरवर आला, वायर ताणली गेली आणि पिन डब्यातून बाहेर आली. धाकट्याला ते इतक्या लांबूनही दिसलं. काळी वायर जिभेसारखी बाहेर पडून राहिली.

दादा गातच होता. मग त्याची मान किंचित खाली आली. त्याने डब्याकडे पाहिलं. पायाने डबा हलवला. वायर बाईंच्या खुर्चीमागे गेली होती, त्याला दिसली नाही. तो माइकच्या आणखी जवळ गेला आणि जोरात गाऊ लागला. गळ्याच्या शिरा वर आल्या. डबा मुका होता, म्हणून आता त्याला फक्त हॉल ऐकू येत होता: मागच्या भिंतीवर आपटून परत येणारा कीबोर्ड, गिटार, पोस्टातल्या बाईंचा आवाज. त्यात तो शोधत होता. धाकट्याला दिसत होतं, तो स्वतःला शोधत होता.

दादाने गाता गाता माइकच्या जाळीवर बोटाने दोनदा टकटक केलं.

हॉलमध्ये काहीच वाजलं नाही.

धाकट्याचं बोट फेडरवर होतं. वर सरकवलं असतं तर सगळं निभावलं असतं. काहीतरी बिघाड होता आणि दुरुस्त झाला, असंच दादाला वाटलं असतं. पण मग तो ताणलेला, कलंडलेला आवाज भरल्या हॉलमध्ये एकदम बाहेर पडला असता. धाकट्याने वहिनींच्या पाठीकडे पाहिलं. मग फेडरकडे. बोट हललं नाही. आपण विचार करतोय, असं तो स्वतःला सांगत होता. पण तो विचार करत नव्हता. नुसता गाणं संपायची वाट पाहत होता.

दादाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं नाही. माइक बिघडलाय, अशी खूणही त्याने केली नाही. तो गात राहिला. हातही पसरले, नेहमीसारखेच.

शेवटची ओळ आली. टाळ्या पडल्या. आणि टाळ्या पडता पडता धाकट्याचं बोट, कुणी न सांगता, आपोआप वर गेलं.

"धन्यवाद," दादा म्हणाला.

धन्यवाद, असं हॉल म्हणाला. मोठ्या दोन स्पीकरांतून, स्वच्छ, खणखणीत.

दादा थांबला. टाळ्या ओसरल्या, लोक पुढच्या किश्श्याची वाट पाहू लागले, तरी तो बोलला नाही. मग त्याने मान उचलून, सगळ्या खुर्च्यांच्या वरून, थेट मागच्या टेबलाकडे पाहिलं. रागाने नाही. छापखान्यात एखादा छापलेला कागद दिव्याकडे धरून पाहायचा, तसं. धाकट्याने मान खाली घातली आणि काहीतरी करायचं म्हणून नको ते बटण थोडंसं फिरवलं.

"पुढचं गाणं," दादा म्हणाला, "आम्ही सगळे मिळून म्हणणार आहोत." किस्सा सांगितला नाही.

कीबोर्डवाल्या बाईंना पायाशी पडलेली वायर तेवढ्यात दिसली. "अगं बाई," म्हणून त्यांनी ती पुन्हा खुपसली. राहिलेली सगळी गाणी दादाने त्या डब्यासमोर उभं राहून पूर्ण म्हटली.

*

कार्यक्रम संपल्यावर अध्यक्ष स्टेजवर आले आणि दादाचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "काय आवाज टिकवलाय हो तुम्ही या वयात! कमाल आहे."

दादाने हात सोडवून घेतले नाहीत. "तुमचं प्रेम," तो म्हणाला.

धाकटा तेव्हा त्यांच्या पायापाशीच, उकिडवा बसून चिकटपट्टी सोलत होता. त्याला वाटलं, आपण जमिनीवर आहोत तेच बरं आहे.

हॉल रिकामा झाला. वहिनी बाहेर बायकांशी बोलत उभ्या होत्या. दादा नेहमीसारखा वायरी गुंडाळायला मदतीला आला. त्याला ते छान यायचं. मनगट वळवत एकसारखी वेटोळी घालायचा.

"कधीपासून?" त्याने वेटोळं घालता घालता विचारलं.

"काय?"

दादाने वायरीतला एक पीळ सोडवला. वायर गुंडाळत राहिला.

"आजच," धाकटा म्हणाला. "फेडर अडकत होता, दादा. जुना झालाय मिक्सर. धूळ बसते आत. मधेच येतो, मधेच जातो. उद्याच उघडतो."

तोंडातून हे सगळं इतकं सलग बाहेर आलं की त्यालाच आश्चर्य वाटलं. गिऱ्हाइकांना तो कधी असं खोटं सांगत नसे.

"मशीन आहे," दादा म्हणाला. "व्हायचंच." त्याने वेटोळ्याला गाठ मारली आणि वायर त्याच्या हातात दिली. "तेल-पाणी करत जा."

घरी जाताना व्हॅनमध्ये वहिनी पुढे बसल्या होत्या. "आज अगदी छान झालं," त्या म्हणाल्या. दादा मागच्या सीटवर, दोन स्पीकरांच्या मधे, मॉनिटर मांडीला टेकवून बसला होता. तो म्हणाला, "हो. आज आवाज छान लागला."

धाकट्याने आरशात पाहायचं टाळलं. घर येईपर्यंत टाळलं.

*

त्या रात्रीपासून त्याचं जेवणात लक्ष लागेना. बायकोने विचारलं तर गुडघ्यांवर ढकललं. दुकानात मिक्सर उघडून बसला. फेडर खरंच काढला, खरंच साफ केला. त्यात धुळीचा कण नव्हता. तरी पुसत राहिला. मग वाटलं, जावं आणि सगळं सांगून टाकावं. पण सांगायचं म्हणजे वहिनींचं नाव घ्यावं लागणार. आणि नाव न घेता सांगायचं म्हणजे, सगळं माझ्याच मनाने केलं, असं सांगायचं. म्हणजे पुन्हा खोटंच. निदान त्या खोट्यात काही किंमत तरी मोजावी लागली असती. पण तेवढीही हिंमत होईना.

शेवटी दादाच आला. सकाळी, दुकान नुकतंच उघडलं होतं तेव्हा. वहिनी बसल्या होत्या त्याच स्टुलावर बसला.

"पुढच्या रविवारी वृद्धाश्रमात आहे," तो म्हणाला. "दुपारी. हॉल छोटा आहे. तो डबा आणू नकोस."

"मॉनिटर?"

"हं. उगाच ओझं. दोन स्पीकर पुरे."

"मग तुला तुझा आवाज कसा ऐकू येणार?"

"नाही येणार," दादा म्हणाला.

दुकानासमोरून एक टेम्पो भोंगा वाजवत गेला. 

"दादा," धाकटा म्हणाला, "तुझा फेडर वर ठेवू का मी? तू म्हणशील तर—"

"नको." दादाने टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर उचलला, त्याचं टोक अंगठ्याने पाहिलं, खाली ठेवला. "परवा टेप ऐकली. अध्यक्षांनी फोनवर रेकॉर्ड केलं होतं, पाठवलं. पोस्टातली बाई फार चांगली गाते रे. मला माहीत नव्हतं. शेजारी उभं राहून कळत नाही." मग तो थोडा हसला. "मग घरी, तू दिलेल्या त्या छोट्या रेकॉर्डरवर मी एकटा गायलो आणि ऐकलं. तुझी वहिनी भाजी आणायला गेली होती तेव्हा."

धाकट्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. 

"तिने सांगितलं ना तुला?"

धाकटा काच पुसत राहिला. ते उत्तरच होतं.

"तिला बोलू नकोस मला कळलंय म्हणून. आजारपणानंतरच्या पहिल्या कार्यक्रमात ती खुर्चीच्या कडेला बसली होती. आत्ता उठून पळायचंय अशी. मला वाटलं, माझी काळजी. त्या दिवशी वाचनालयात बघितलं मी स्टेजवरून. पाठ टेकून बसली होती." दादाने स्टूल मागे सरकवलं. "तेव्हा आहे तसं राहू दे. मी उभा राहतो, तोंड हलवतो. माझ्यापुरता तो डबा मात्र नको."

"मंडळ सोडून देतोस का, दादा? मानाने?"

हे बोलायला नको होतं, हे बोलून झाल्यावर त्याला कळलं. मानाने. जणू मान अजून शिल्लक होता आणि तो आपणच पिशवीत घालून ठेवला होता.

दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जरा दाबला. "तू लावायला लवकर ये," तो म्हणाला. "तिथे प्लग सैल असतात."

*

वृद्धाश्रमाचा हॉल म्हणजे जेवणाची खोलीच होती. टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. धाकट्याने डाव्या स्पीकरची वायर लावली, उजव्याची लावली. मिक्सरच्या पाठीवरचं तिसरं भोक रिकामं राहिलं. त्यावरून हात फिरवून तो बाजूला झाला.

दादाने आज माइक तपासला नाही. "तू बघून घे," म्हणाला.

पहिलं गाणं सुरू झालं. फेडर खाली. समोर पांढऱ्या डोक्यांच्या रांगा, त्यांतलं एखादं तालावर हलणारं. वहिनी खिडकीपाशी बसल्या होत्या, पाठ टेकून, एका आजींना काहीतरी समजावत. स्टेज नव्हतंच, मंडळ जमिनीवरच उभं होतं. दादा मध्यभागी, बाह्या दुमडलेल्या, हात पसरलेले. तोंड हलत होतं. लांबून अगदी खरं वाटत होतं.

धाकट्याला ते पाहवेना. पाहायचं नाही म्हणून काहीतरी काम हवं, म्हणून त्याने टेबलावरचे हेडफोन उचलून कानांवर चढवले. मिक्सरवर प्रत्येक माइकला एक छोटं बटण असतं. ते दाबलं की तेवढा एकच माइक हेडफोनमध्ये येतो, फेडर खाली असला तरी. त्याने पोस्टातल्या बाईंचं दाबलं. मग सोडलं. मग दादाचं दाबलं.

आधी नुसता श्वास ऐकू आला. पाठीमागे, लांबून, कीबोर्ड आणि बाईंचा आवाज. दादा गात नव्हता. खालच्या सुरांनाही नाही. ओठ वेगळे व्हायचा तेवढा ओला आवाज, आणि श्वास. धाकट्याने डोळे मिटले. कडव्याची ओळ संपली.

"बारक्या."

त्याने डोळे उघडले. दादा समोर पाहत होता, लोकांकडे, हसऱ्या चेहऱ्याने. पुढची ओळ सुरू झाली, त्याचं तोंड त्या ओळीसारखंच उघडलं आणि मिटलं. पण आवाज कानात होता, अगदी जवळ, शेजारी बसून बोलल्यासारखा.

"हेडफोन घातलेस ना? कीबोर्ड फार पुढे आहे. बाई दबतायत त्याच्याखाली. जरा खाली घे."

धाकट्याने कीबोर्डचा फेडर खाली घेतला. थोडा.

"अजून."

अजून घेतला. पोस्टातल्या बाईंचा आवाज खोलीत मोकळा झाला. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मान वर केली.

"हां," दादा म्हणाला. "आता बरं."

आणि तो पुन्हा ओठ हलवू लागला, हात पसरून.

धाकट्याला त्याच्याशी बोलायचं होतं. आत्ता, याच क्षणी, इतक्या दिवसांचं सगळं. पण टेबलाकडून दादाकडे जाणारी तिसरी वायरच आज लावलेली नव्हती. तो हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरून, पुढची सूचना येईल म्हणून, ऐकत उभा राहिला.